धाब्यावरची तार

अकोल्यात मला सहा ठिकाणी खोली मिळाली नाही. सातव्या ठिकाणी घरमालकांनी दारातच विचारलं, "कपडे कुठी वाळत घालसान?"

मी तेव्हा हायस्कुलात शास्त्राचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. आई अमरावतीला होती आणि मी इथे एका दूरच्या नातलगाकडे पथारी टाकून दिवस काढत होतो. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा यायचा, दुसरा गावाचा, आणि तिसरा यायच्या आत ती खोली 'कालच दिली' असं निघायचं. त्यामुळे या वेळी मीच आधी सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध आहोत. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

समोर उभा असलेला माणूस उंच, किडकिडीत, साठीला टेकलेला. खाकी अर्धी चड्डी, अंगात बंडी आणि बंडीच्या खिशातून डोकावणारी पक्कड. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलत्याच पेपरचं उत्तर लिहिलं होतं.

"ते मले कायले सांगता? मी कपड्याचं इचारून राहिलो. धाब्यावर माही तार हाय. तिच्यावर कपडे टाकसान काय?"

"नाही."

"ओला टावेल?"

"नाही टाकणार."

"मंग आना सामान."

सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. संध्याकाळपर्यंत मी त्या घराचा झालो, आणि पुढे चार वर्षं राहिलो.

ते रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म कट्ट-कडकट्ट करण्यात गेलेला, म्हणून गल्ली त्यांना तारबाबू म्हणायची. मी बाबूजी म्हणत असे. घर धाब्याचं होतं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर, आणि त्या छपराला कठडा नव्हता. एका कोपऱ्यावर उंच बांबू, मागच्या अंगणात निंबाचं झाड, आणि दोहोंच्या मध्ये शंभर फूट तांब्याची तार. दोन्ही टोकांना चिनीमातीचे पांढरे गुटके. तिथून एक तार खिडकीतून आत बाबूजींच्या रेडिओला जाई, आणि खिडकीतूनच दुसरी एक जाड तार बाहेर पडून भिंतीलगत खाली उतरत अंगणातल्या एका खड्ड्यात शिरे. या खड्ड्याला ते इंग्रजीतून 'अर्थ' म्हणत. त्यात तांब्याची सळई पुरलेली, भोवती कोळसा आणि मीठ. रोज सकाळी ते स्वतःचा चहा घेण्याआधी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत.

उन्हाळ्यात अकोल्याला पाण्याची काय दशा असते हे तिथे राहिलेल्यालाच माहीत. नळावर बायका घागरींची रांग लावून भांडत असत, आणि इकडे हा माणूस जमिनीतल्या भोकात पाणी ओतून राहिला! काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पाहा बाई, तुळशीले गडूभर, अन् त्या खड्ड्याले बादलीभर. माह्या सासूले तहान लागली तवाही हे इतक्या घाईनं उठले नव्हते."

लोकांना वाटे, बाबूजी विजेला भितात. मलाही आधी तसंच वाटलं. मी एकदा माझं शास्त्र पाजळलं, "बाबूजी, पावसाळा लागला की तार काढून ठेवावी. आत्ता वैशाखात आभाळ कोरडं ठाक आहे, वीज येणार कुठून?"

"इज वर्सातून चार दिवस येते, मास्तर. वारा रोज येते."

आणि त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. तारेच्या आणि खड्ड्याच्या मध्ये, खिडकीच्या चौकटीवर, त्यांनी नखाएवढा एक निऑनचा दिवा बसवला होता. त्याला ते 'चुगलखोर' म्हणत. दुपारचे चार वाजले होते. पश्चिमेकडून तापलेला धुळीचा वारा सुटला होता, आणि तो चिमुकला दिवा लाल लुकलुकत होता. त्याला घरातल्या विजेचा स्पर्शही नव्हता.

"धुळीचा एक-एक कण तारेले घासून जाते," बाबूजी म्हणाले. "जाता जाता इवलंसं काही ठेवून जाते. तारेले दोन्हीकून चिनीमाती. ते जाईन कुठी? साचत राह्यते. लई साचलं का चुगलखोर पेटते अन् सारं जमिनीत सोडून देते. हा नसता तं ते रेडिओत उडी मारते, नाही तं मानसाच्या हातात."

मी वर्गात कंगवा घासून कागदाचे कपटे उचलून दाखवत असे. पण शंभर फुटांची तार वारा असा भरून टाकतो, हे पुस्तकात वाचूनही मला कळलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी त्यांना शास्त्र सांगायचं सोडलं.

त्यांचं 'साचू देऊ नका' हे पालुपद होतं. माझ्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा दिसला की, "मास्तर, साचू देऊ नका." मोरीत भांडी दिसली की काकूंना तेच. हिवाळ्यात लोकरी स्वेटर घातला की ते कुणाला हात लावण्याआधी भिंतीला हात लावत. पाव्हणा नमस्काराला वाकला तर "थांबा" म्हणून आधी भिंतीकडे जात. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा चळला.

रेडिओवर ते गाणी ऐकत नसत. काटा इंच-इंच सरकवत दूरदेशची स्टेशनं शोधत, आणि ज्या भाषेतला एक शब्द कळत नाही ती अर्धा-अर्धा तास ऐकत बसत. मी म्हणालो, "समजत नाही तर ऐकता काय?"

"मानूस बोलून राहिला ना? तेवढं समजते."

मग ते त्या स्टेशनला इंग्रजीत पत्र लिहीत: तुमचा आवाज अमुक वाजता अकोल्यात आला, खरखर इतकी होती, तुमची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. दोन-तीन महिन्यांनी तिकडून रंगीत कार्ड येई. अशी शंभरएक कार्डं त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपली होती. कुणावर उंट, कुणावर बर्फाचे डोंगर. आणि दोन कार्डं पेकिंगची.

ती दोन कार्डं पुढे नडली.

चीनशी लढाई होऊन गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गल्लीतल्या कुणीतरी अर्ज केला होता, की या घरावर लांब तार आहे, परदेशातून टपाल येतं आणि घरमालक दारं लावून परक्या भाषा ऐकतो. शाळेला सुटी लागली होती, पण पेपर तपासायला मी थांबलो होतो. भर दुपारी जीप आली. एक तरुण फौजदार आणि दोन हवालदार उतरले.

फौजदारांनी रेडिओ पाहिला, त्याचं लायसन पाहिलं, मग बिस्किटांचा डबा उघडला. पेकिंगचं कार्ड हातात येताच त्यांचा चेहरा बदलला. रेडिओ तारेपासून सोडवून जीपमध्ये ठेवायला सांगितला. मग त्यांची नजर भिंतीवरून खाली गेलेल्या जाड तारेवर गेली.

"ही जमिनीत कुठे जाते?"

"अर्थ हाय जी."

"खणा."

हवालदारांनी खणलं. सळई लागली, आणि भोवती काळा चिखल.

"हे काय आहे?"

"कोयसा अन् मीठ."

"जमिनीत मीठ कशाला?"

"ओल धरते जी."

हे उत्तर इतकं खरं होतं की फौजदारांना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी खूण केली, आणि हवालदारानं पकडीनं ती तार कापली.

मी बाबूजींकडे पाहत होतो. रेडिओ नेला तेव्हा ते काही बोलले नव्हते. कार्डं उधळली गेली तेव्हाही नाही. पण तार कापली, आणि त्यांनी मान वळवून खिडकीतल्या दिव्याकडे पाहिलं. वारा सोसाट्याचा होता, सकाळपासून दिवा नुसता फडफडत होता. आता तो विझला होता. बाबूजींचा चेहरा उतरला.

"सायेब, आता वर कोनी जाऊ नका."

"का? वर काय लपवलंय?"

"लपवलं काही नाही. तार भरून राहिली."

"काय भरून राहिली?"

बाबूजींनी तोंड उघडलं, पण घाईत त्यांना धड सांगता येईना. फौजदारांनी मान हलवली आणि थोरल्या हवालदाराला म्हणाले, "वर जा. तार उतरव."

हवालदार चांगला जाडजूड, पन्नाशीचा. पक्कड घेऊन तो शिडीवरून धाब्यावर गेला. बाबूजी त्याच्यामागून अशा वेगानं चढले की शिडी हलली. मीही मागोमाग गेलो. वर उभं राहवत नव्हतं. डोळ्यांत धूळ, कानांत वारा. तार बांबूपाशी गुणगुणल्यासारखी थरथरत होती. बांबू धाब्याच्या अगदी कोपऱ्यात होता, आणि हवालदाराची पाठ कडेकडे होती.

"हवालदारसायेब, हात नका लावू! आधी मले ते खाली जोडू द्या!"

हवालदार थांबला. "कावून? करंट हाय काय हिच्यात?"

"करंट नाही, पन..."

"नाही ना? मंग झालं."

आणि त्यानं पक्कड पुढे केली.

'टक्क' असा एक बारीक आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. हवालदारानं "आई!" म्हणून हात मागे झटकला. हाताबरोबर अंगही मागे गेलं. एक पाऊल मागे पडलं, दुसऱ्याला खाली काही नव्हतं.

बाबूजींनी दोन्ही हातांनी त्याचा कमरेचा पट्टा धरला आणि ते खाली बसले, मट्कन, लहान मूल हट्टानं बसतं तसे. ओढायची ताकद त्यांच्यात नव्हती. त्यांनी नुसतं आपलं वजन खाली टाकलं. तरी ते घसरायला लागले. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि टाचा मातीत रोवल्या. आम्ही तिघं किती वेळ तसे होतो कुणास ठाऊक. मग हवालदाराचा गुडघा कडेवर टेकला आणि तो आमच्या अंगावर येऊन पडला. खाली अंगणात फौजदारांच्या पायाशी पक्कड पडली होती. ते वर बघत होते, त्यांची टोपी धुळीत गेली होती.

हवालदार उठून बसला. "तुमी तं म्हनलं, करंट नाही."

"नाही जी," बाबूजी धापा टाकत म्हणाले. "साचलं होतं."

खाली आल्यावर काकूंनी सगळ्यांना पाणी दिलं. फौजदारांचा आवाज आता निराळा होता. पण वरचा हुकूम होता. रेडिओ आणि डबा त्यांना न्यावाच लागला. जाताना ते बाबूजींना म्हणाले, "काका, आमचा माणूस वाचवलात." बाबूजींनी ऐकलंच नाही. ते आपल्या हातांकडे बघत होते. संध्याकाळच्या चहालाही नजर तिथून हलली नव्हती.

"मले एक पकडता आला नव्हता," ते ओसरीवर एकदम म्हणाले, आणि उठून आत गेले.

उरलेलं काकूंनी सांगितलं. बाबूजींना एक धाकटा भाऊ होता, अमरावतीला. एकोणीस वर्षांपूर्वी वडिलांच्या घरावर बाबूजींनी पहिली तार लावली, तेव्हा तिला जमिनीत सोडायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. असाच वैशाखातला वारा होता. तार सैल झाली म्हणून त्यांनी भावाला वर पाठवलं, स्वतः खाली उभे राहून 'डावीकडे, डावीकडे' सांगत होते. भावाला झटका बसला तो चिमट्याएवढा. पण तो दचकला आणि पडला. कंबरेचं हाड मोडलं. त्याचं लग्न होऊन चार महिने झाले होते, आणि रेल्वेतल्या नोकरीचा कागद घरी येऊन पडला होता. नोकरी गेली, पाय कायमचा अधू झाला. बाबूजींनी अकोल्याला बदली मागून घेतली आणि परत त्या घराची पायरी चढले नाहीत.

"भाऊ रागावला होता?" मी विचारलं.

"कोनाले माहीत? त्याची पत्रं येत. यायनं एकही फोडलं नाही. ट्रंकेत हायेत सारी." काकूंनी पदरानं डोळे पुसले. "अन् हे दुनियेले सांगतेत, साचू देऊ नका."

चार दिवसांनी मी सुटीसाठी अमरावतीला गेलो. भावाचं पाट्या-पेन्सिलींचं दुकान कुठे आहे ते काकूंकडून कळलं होतं. दोन दिवस मी त्या रस्त्यावरून नुसता गेलो आणि आलो. बाबूजींनी मला जायला सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी माझी ट्रंक रस्त्यावर ठेवली असती, आणि अकोल्यात आठवी खोली कुठे शोधायची हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी दुकानाची पायरी चढलो.

गल्ल्यामागे बाबूजींसारखाच किडकिडीत माणूस होता, काठी भिंतीला टेकवलेली. मी कोण ते सांगितलं आणि धाब्यावर काय घडलं तेही. हवालदाराचा पट्टा धरल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवून पेन्सिलींचे खोके सरळ केले.

"पकडला म्हनता?"

"पकडला."

"त्याच्या वयाले?" आणि काठीकडे हात नेत, "कोनत्या मोटारीनं जा लागते अकोल्याले?"

ते जूनमध्ये, एका रविवारी सकाळी आले. बाबूजी अंगणात अर्थचा खड्डा पुन्हा भरत होते, हात कोपरापर्यंत कोळशानं काळे. काठीचा आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं आणि तसेच उकिडवे राहिले.

"पडलो मी," धाकटे दारातूनच म्हणाले. "अन् लपून तू बसला. एकोनीस वर्सं!"

"तुही कंबर..."

"कंबर माही हाय. तिचं मी पाह्यतो. पत्राचं उत्तर काहून देल्लं नाही, ते सांग."

बाबूजींनी हातातला कोळसा खड्ड्यात टाकला. "मले वाटलं," ते म्हणाले, "तुले माहं तोंड पाहू वाटत नसन."

"तोंड पाह्यन्यासारखं नाहीच हाय तुहं. पन मले भाऊ एकच हाय ना?"

बाबूजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात बाजूला केले तेव्हा सगळा चेहरा काळा झाला होता. धाकटे आधी हसले, मग काठी सोडून देऊन भिंतीला टेकले, आणि बाबूजी धावले. काकूंनी मला हात धरून आत ओढलं.

संध्याकाळी भाऊ गेल्यावर बाबूजी माझ्या दारात आले. मी ट्रंकेकडे पाहिलं.

"तुमाले कोनं सांगतलं होतं जाले?"

"कुणी नाही."

त्यांनी चौकटीला हात टेकला. "त्याच्या बायकोनं मले अजून माफ नाही केलं," ते म्हणाले. "तो म्हनते, घरी ये. तिले काय म्हनू मी?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेले. खोलीचा विषय त्यांनी काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

श्रावणात रेडिओ परत आला. थोरला हवालदार साध्या कपड्यांत, सायकलवर बांधून घेऊन आला. वरच्या साहेबांनी सगळी कार्डं पाहिली म्हणे, आणि उंटाचं एक ठेवून घेतलं. चहा पिऊन हवालदारानं धाब्याची कड पाहिली, आणि पुढच्या रविवारी चार विटा-माती आणून बांबूजवळ गुडघाभर उंचीचा कठडा घालून दिला.

दिवाळीला बाबूजी आणि काकू अमरावतीला निघाले. मी त्यांना मोटारस्टँडवर सोडायला गेलो. काळा कोट, इस्त्रीचं धोतर, आणि चेहरा परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा.

"मास्तर, तिले पह्यले काय बोलू?"

"कसं काय चाललंय, विचारा."

"अन् मंग?"

"मग त्या बोलतील."

"अन् नाही बोलली तं?"

मोटार हलली तेव्हा ते खिडकीत बसून काहीतरी पुटपुटत होते, आणि काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पाचव्या दिवशी ते परत आले. बाबूजी सरळ धाब्यावर चढून तार बघायला गेले. मी काकूंना विचारलं, "काय बोलले मग?"

"काय बोलतीन? दारात उभे राह्यले अन् लेकरावानी रडाले लागले. आजूबाजूच्या बाया जमा झाल्या. मले तं मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"आणि त्या?"

"ते आली बाहेर. हात पिठाचे. घडीभर पाह्यलं तिनं यायच्याकडे. मंग म्हनली, 'दादा, चपला आत आना. बाहेर ठेवल्या तं कुत्रं नेते.'"